डायबेटिसवाल्यांचा डबा: सकाळी सातला काय भरता?

रमा_कल्याण

नवऱ्याला (वय ४८) गेल्या महिन्यात डायबेटिस निघाला. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. सध्या फक्त मेटफॉर्मिन, दोन्ही जेवणांनंतर. डॉक्टर चांगले आहेत, पण आहाराचा जो छापील कागद हातात दिलाय त्यात ओट्स, किन्वा, ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइल. आमच्या भाजीवालीकडे घेवडा, दोडका, शेपू आणि तोंडली. तेव्हा जे काही करायचं ते यातूनच.

डबा सातला घराबाहेर पडतो, दीड वाजता उघडतो. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, पण त्याच्यापुढे रांग, म्हणून हा गारच जेवतो. आजवरचा डबा असा: चार पोळ्या, बटाट्याची नाहीतर फ्लॉवर-बटाट्याची भाजी आणि वर भात-आमटी. भात बंदच करायचा का? पोळीऐवजी भाकरी दिली तर? संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवरून जावं लागतं, त्याचं काय करायचं? मलाही साडेआठला निघायचं असतं, त्यामुळे सकाळी हातात जेमतेम पाऊण तास. फार कौतुकाच्या पाककृती नकोत, रोज जमेल असं सांगा.

खानदेशी_कळणं

ताई, गहू बंद करा, विषय संपला. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत. आमच्याकडे कळण्याची भाकरी करतात, ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली. वडील सत्तरीत आहेत, दोन वेळा भाकरीच खातात, एकदम ठणठणीत.

विदुला_क

+१. भाकरीला तोड नाही. वाचतेय, वाचनखूण साठवली.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी ओपीडी बघते. भाकरीला माझा विरोध नाही, पण रोज एकदा तरी हे ऐकते: "मॅडम, गहू सोडला, भाकरी सुरू केली, तरी पीपी (जेवणानंतरची साखर) अडीचशे." मग मी विचारते, किती भाकऱ्या? "तीन."

आता हिशोब बघा. घरच्या मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, त्यात कर्बोदकं २० ग्रॅमच्या आसपास. भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे एका भाकरीत ५० ग्रॅम. तीन भाकऱ्या म्हणजे सात-साडेसात पोळ्या झाल्या. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, पोटाला धर येतो, हे सगळं खरं, पण साखर वाढवणारा मुख्य भाग दोन्हीत जवळपास सारखाच. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा आणि एकदा आपली नेहमीची भाकरी किती पिठाची होते ते मोजा. बहुतेकांना धक्का बसतो.

रमा, तुमच्या डब्याबद्दल. तीन कप्प्यांचा डबा घ्या. सर्वांत मोठा कप्पा भाजी आणि कोशिंबिरीचा, मधला उसळ, घट्ट वरण, अंडी, पनीर किंवा मासे यांचा, आणि उरलेला पोळीचा: दोन पोळ्या किंवा एक पातळ भाकरी. बटाटा, रताळं, सुरण, मक्याचे दाणे यांना भाजी म्हणून धरू नका, ते पोळीच्या खात्यात. उसळीतही कर्बोदकं असतात, वाटीला साधारण २० ग्रॅम, पण सोबत प्रथिनं आणि भरपूर तंतू, म्हणून ती चालते. फक्त उसळ असेल त्या दिवशी वर भात-आमटी नको. आणि खाताना आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ, पोळी शेवटी. या क्रमाने जेवणानंतर साखर कमी उसळते, काही खर्च नाही.

डब्याचा एक मोठा फायदा कोणी बोलत नाही. घरच्या ताटात "अजून अर्धी घे", "आमटी उरलीये, संपव" चालू असतं. डब्यात काय आणि किती जाणार ते सकाळी भरणारा ठरवतो, दुपारी वाढायला कोणी नसतं. माझ्या बऱ्याच पेशंटांच्या साखरेत दुपारचं जेवण नीट असतं, घोळ रात्रीच्या जेवणात असतो.

खानदेशी_कळणं

आमच्या भाकऱ्या मोजायला काटा?

असो, आज मोजली. ९० ग्रॅम. आईला सांगितलं नाही.

म्हापसेकार

भात बंद म्हटल्यावर गोव्याचा माणूस या धाग्यावरून उठून जाईल, म्हणून घाईघाईने लिहितो. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात डायबेटिसच्या प्रमाणात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. त्या टक्क्यांत मीही आहे.

मी भात सोडलेला नाही. कच्चा उकडा तांदूळ ५० ग्रॅम मोजून घेतो, त्याचा शिजून एक वाटी भात होतो. तो डब्याच्या सगळ्यात लहान कप्प्यात. मोठ्या कप्प्यात भाजी, कधी तांबडी भाजी, कधी भेंडी, कधी कोबी. तिसऱ्यात दोन बांगडे नाहीतर तारले, रवा न लावता तव्यावर कमी तेलात. हुमण (माशाची आमटी) हवंच असेल तर वेगळ्या छोट्या डबीत, कारण नारळाचं हुमण भातावर ओतलं की भात कमी पडतो आणि माणूस आणखी भात शोधायला लागतो. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा जरा बरा, पण "उकडा आहे ना" म्हणून दोन वाट्या खाल्ल्या तर काय उपयोग.

अवांतर: एसी ऑफिसात बांगडा उघडण्याबद्दल आमच्याकडे ईमेल फिरली होती. आता मी जिन्यात जेवतो, आणि माझ्यासोबत अजून चौघं.

गुळाचा_खडा

रमाताई, आमटीत गूळ घालता का? आमच्याकडे गुळाशिवाय आमटी होत नाही. साखर नाही, गूळच आहे, म्हणून चालेल ना?

पथ्यपाणी

गूळ, मध, खजूर, काकवी: रक्तात गेल्यावर सगळी साखरच. चार माणसांच्या आमटीत सुपारीएवढा खडा गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. चहात गूळ घालून दिवसाला पाच कप घेतले तर बिघडतं.

शेपूची_जुडी

अगं रमा, पाऊण तासात कसं बसवायचं ते मी सांगते. सासरे आणि नवरा दोघेही डायबेटिसवाले, मीही काठावर आहे, त्यामुळे घरात एकच स्वयंपाक.

अर्धं काम आदल्या रात्री. टीव्हीसमोर बसून घेवडा, गवार, तोंडली, फरसबी यांतलं एक काहीतरी निवडून-चिरून डब्यात घालून फ्रिजमध्ये. हे काम नवऱ्याला दे, त्याला शिरा काढता येतात. पालेभाजी मात्र रात्री निवडून ठेवायची, धुवायची-चिरायची सकाळीच, नाहीतर काळी पडते. शेपूत भिजवलेली मूगडाळ, कोबी-सिमला मिरचीला पीठ पेरून, मेथीला लसूण आणि दाण्याचं कूट. पीठ पेरलेली भाजी डब्याला उत्तम, पाणी सुटत नाही आणि बेसनाची प्रथिनंही जातात.

मटकी, मूग, चवळी यांचं चक्र: शनिवारी सकाळी भिजवायचं, रात्री फडक्यात बांधायचं, रविवारी दुपारपर्यंत मोड. तेव्हाच वाफवून फ्रिजमध्ये. सोम-मंगळ-बुध फक्त फोडणी. गुरुवारी अंडी, शुक्रवारी पनीर किंवा मुगाचं धिरडं. उसळ डब्यासाठी अंगासरशीच ठेवायची, रस्सा नको.

आता गार जेवणाऱ्या माणसासाठी भाकरी. ज्वारीचं पीठ शक्यतो पंधरा दिवसांच्या आतलं, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तडकते. पाणी कडकडीत उकळतं, पिठात ओतून उलथन्याने कालवायचं, हाताला सोसवेल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. मळायचं एकाच भाकरीपुरतं, गोळे करून ठेवायचे नाहीत. ५० ग्रॅमची थापली तरी छान होते, ताटाएवढी झालीच पाहिजे असं कोणी सांगितलंय? भाजली की गरम असतानाच चौघडी घालायची, सुती फडक्यात गुंडाळून वाफ जाऊ द्यायची आणि मगच डब्यात. दुपारी दीडला खुसखुशीत नाही लागणार, पण कागदासारखी वाकते.

कोशिंबिरीला सकाळी मीठ लावायचं नाही. काकडी चोचवून, दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबाची फोड वर. मीठ कागदाच्या पुडीत. दही पातळ होतं अशी तक्रार असेल तर छोट्या स्टीलच्या डबीत सकाळी कोमट दूध घालून विरजण लाव, आपल्या हवेत दीडपर्यंत मस्त दही लागतं. थंडीत मात्र हे जमत नाही, रात्रीच लावावं लागतं.

आणि मे महिन्यात एक सांभाळ: उसळ असो की भाजी, परातीत पसरून वाफ गेल्याशिवाय झाकण लावायचं नाही. गरम गरम बंद केलेली मटकी बारा वाजताच आंबते. ओलं खोबरंही त्या दिवसांत बंद.

कॅशियर_काका

मी स्वतः डायबेटिसवाला, बारा-तेरा वर्षं झाली. दोन गोष्टी.

पहिली, वहिनी, डबा तुम्हीच का भरताय? नवऱ्याचा आजार, नवऱ्याचा डबा. मी रिटायर होईपर्यंत माझा डबा मीच भरला. बायकोने स्वयंपाक केला असेल, पण कप्प्यात काय आणि किती हे माझ्या हाताने. स्वतः भरलं की दुपारी कुरकुर करायला जागा राहत नाही.

दुसरी, डबा कितीही पथ्याचा भरा, ब्रँचमध्ये चौघांचे डबे एकत्र उघडतात. जोशींची पुरणपोळी, नायरांचा लेमन राइस, कोणाचा तरी वाढदिवस. मी एक नियम केला होता: अदलाबदल फक्त भाजीची. पोळी-भात-गोड माझ्या डब्यातलं कोणाला नाही आणि कोणाचं मला नाही. सुरुवातीला चेष्टा झाली, नंतर माझ्यासाठी लोक भाजी जास्त आणायला लागले. साडेचारच्या चहाबरोबर मारी बिस्किटं "हलकी" म्हणून चार-चार जायची, ती आधी बंद केली. मैदा आणि साखरच ती.

रमा_कल्याण

काका, तुमची पहिली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. काटा आणण्याचं काम त्याने अंगावर घेतलंय, सुरुवात म्हणून ठीक आहे. शेपूची_जुडी, दही लावायची युक्ती आजच करते. वडापावबद्दल अजून कोणी बोललं नाही.

पथ्यपाणी

वडापाव म्हणजे मैदा, बटाटा आणि तळण एकत्र, पण त्याला शिव्या देऊन काही होत नाही. दीडला जेवलेला माणूस सहाला भुकेनेच गाडीपुढे उभा राहतो. पाचला, ऑफिस सोडण्याआधी, मूठभर फुटाणे आणि ताक, किंवा उकडलेलं अंडं, किंवा थोडे भाजलेले शेंगदाणे आणि एक पेरू. सकाळीच दुसऱ्या छोट्या डबीत. पोट भरलेलं असलं की गाडी ओलांडून जाता येते. महिन्यातून एखादा खाल्ला तर रात्री भात-पोळीत तेवढी कपात.

मुक्कामी_गाडी

इथे सगळे दीड वाजता जेवणारे दिसतात. मी कंडक्टर आहे. दुपारी तीनला डेपोतून निघतो, रात्री नऊला गावात मुक्काम, पहाटे सहाला परत. माझ्या एका पिशवीत रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी दोन्ही असतात, आणि दोन्हीला गॅस नाही, मायक्रोवेव्ह नाही.

रात्रीसाठी बाजरीच्या दोन लहान भाकऱ्या, झुणका कोरडा (पातळ पिठलं डब्यात घट्ट होऊन बसतं, बोटाने खरवडावं लागतं), एक कांदा, मुळा नाहीतर काकडी अख्खी. कापून आणलेली काकडी उन्हात गाडीतच मेली समजा. सालासकट दोन उकडलेली अंडी. कारळ्याची किंवा जवसाची चटणी कायम. सकाळी फुटाणे-शेंगदाणे, आणि गावातला चहा. तिथं किटलीत साखर घालूनच चहा येतो. आता मुक्कामाच्या तिन्ही गावांत टपरीवाल्यांना माहीत झालंय, माझा कप साखर टाकण्याआधी काढतात.

खरी अडचण वेळेची. मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. एकदा घाटात ट्रक आडवा झाला, दोन तास गाड्या ठप्प. डबा वरच्या जाळीत, गाडी खच्चून भरलेली, म्हटलं पोचल्यावर खाऊ. सुट्टे मोजताना बोटं थरथरायला लागली, कपाळावर गार घाम, आणि समोरची बाई तिसऱ्यांदा विचारतेय, कंडक्टर, माझे वीस रुपये. मला तिचं बोलणं कळतंय पण आकडा लागत नाही. ड्रायव्हरच्या लक्षात आलं, त्याने कोणाकडून तरी साखरेचा चहा आणवला.

तेव्हापासून ग्लुकोजची पुडी तिकीट मशीनच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. तळाशी नाही, जाळीत नाही. सोबतच्या ड्रायव्हरला ड्युटीच्या सुरुवातीलाच सांगतो, मी बडबडायला लागलो किंवा गप्प झालो तर ही पुडी पाण्यात घालून दे. आणि घाटाच्या आधीच्या थांब्यावर, जेवणाची वेळ झालेली असो-नसो, अर्धी भाकरी आणि अंडं खाऊन घेतो. उरलेलं मुक्कामाला.

पथ्यपाणी

हा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा.

नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी, म्हणून रमांच्या यजमानांनी उगाच घाबरू नये. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र डब्याची वेळ ही डब्यातल्या पदार्थांइतकीच महत्त्वाची. साखर ७० च्या खाली गेली, किंवा तशी लक्षणं असून मशीन जवळ नाही, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे, पाण्यात. ग्लुकोज नसेल तर तेवढीच साखर. १५ मिनिटं थांबून परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. सावरल्यावर डबा. पेढा-चॉकलेट या वेळी नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

मुक्कामी, तुमच्या डॉक्टरांना ड्युटीच्या वेळा लिहून द्या. साखर खाली जाण्याची भीती कमी असलेल्या दुसऱ्या गोळ्याही आहेत, तुम्हाला चालतील का ते ते ठरवतील. गोळी स्वतःहून पुढेमागे करू नका.

निसर्गधन

सर्व वाचून वाईट वाटले. रोज कारल्याचा रस, जांभूळबियांची पावडर आणि मेथीदाणे घ्या, चाळीस दिवसांत गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही बंद होतील. डबा वगैरे काही मोजावे लागत नाही.

चिमणीचा_घास

वरच्या प्रतिसादासाठीच लॉगिन केलं. माझी मुलगी नऊ वर्षांची, टाइप १. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत कीटोअॅसिडोसिस (रक्तात घातक आम्लं साचणं) होऊन जीव जाऊ शकतो. नातेवाइकांचे असे सल्ले आम्ही रोज ऐकतो, इथे तरी नको.

आता आलेच आहे तर तिच्या डब्याबद्दल, कारण वरचं सगळं तिला उलटं लागू होतं. तिला पोळी कमी करायची नसते, मोजायची असते. दोन छोट्या पोळ्या, प्रत्येकी २५ ग्रॅम कणकेच्या, म्हणजे ३४ ग्रॅम कर्बोदकं. वाटीभर दही ५-६. चिक्कूची एक फोड. बेरीज करून डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीने चिठ्ठी: "४५". मोठ्या सुट्टीत ती बाईंसमोर इन्सुलिनच्या पेनवर तेवढ्याचा डोस लावते, स्वतःच टोचून घेते आणि जेवते.

गोंधळ असा व्हायचा की इन्सुलिन ४५ चं गेलं आणि पोरीने एक पोळी मैत्रिणीला देऊन टाकली, कारण तिकडे चीज सँडविच होतं. किंवा गप्पांत सुट्टी संपली. मग पीटीच्या तासाला साखर खाली. म्हणून आता मोजलेलं सगळं एका कप्प्यात, आणि तिला सांगितलंय की हा लाल झाकणाचा कप्पा आधी संपवायचा. भाजी, काकडी, दाणे दुसऱ्या कप्प्यात, ते खा, वाट, परत आण, काहीही कर. तुमच्या नवऱ्याला पोळी शेवटी, माझ्या पोरीला पोळी आधी. आणि डब्यात मी नवीन पदार्थ कधीच देत नाही. प्रयोग रविवारी घरी, शाळेत फक्त जे ती शंभर टक्के खाते तेच. शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं तर ते खायला तिला बंदी नाही, मोजून, डोसमध्ये धरून खाते. बंदी घातली की मुलं बाथरूममध्ये जाऊन खातात.

कॅशियर_काका

निसर्गधन, कारल्याची भाजी मीही खातो, आवडते म्हणून. तुमच्या चाळीस दिवसांची फाइल घेऊन या, आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट बघू.

लेक_सातारची

वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय, डायबेटिसमुळेच किडनीवर परिणाम झालाय. या धाग्यावर "उसळ भरपूर, पालेभाजी भरपूर" वाचून कोणी त्यांच्यासारख्या माणसाला तसाच डबा देऊ नये म्हणून लिहितेय. आम्हाला प्रथिनं मोजून आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवून द्यायला सांगितलंय. पालक, टोमॅटो, बटाटा, नारळपाणी, सुकामेवा यांवर आवर. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. दुधी, दोडका, पडवळ, कोबी हे आमचे मित्र. आणि दुकानदार "बीपीवाल्यांचं मीठ" म्हणून कमी सोडियमचं मीठ गळ्यात मारतो, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनीवाल्यांनी ते अजिबात घ्यायचं नाही. आम्हाला हे डायटिशियननेच सांगितलं, रिपोर्ट बघून. तुमचे रिपोर्ट चांगले असतील तर यातलं काही करायची गरज नाही.

पथ्यपाणी

पूर्ण सहमत. रमा, वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, आत्ता काही त्रास नसला तरी. डोळ्यांचा पडदाही.

रमा_कल्याण

संकष्टीचा प्रश्न राहिला. सासूबाई म्हणतात साबुदाण्याची खिचडी "हलकी" असते, मग त्या दिवशी डब्यात तीच जाते.

शेपूची_जुडी

साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च गं, त्यात बटाटा. आमच्याकडे संकष्टीला राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही घातलेली काकडीची कोशिंबीर. सासूबाईंना सांग, खिचडी एक वाटी प्रसादासारखी, बाकीचा डबा हा. वरीच्या तांदळाचंही तेच, अर्ध्या वाटीवर थांबायचं. मुक्कामीसारख्या गोळ्या असतील तर उपास करायचा की नाही हे आधी डॉक्टरांना विचारायचं.

म्हापसेकार

अंगारकीला आमच्या आईने चार वाट्या खिचडी खाऊन वर "आज काही खाल्लंच नाही" म्हटलं होतं. साखर ३१०.

रमा_कल्याण

थोडं अपडेट. ग्लुकोमीटर घेतला. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, ऑफिसमध्येच तपासतो. दोन पोळ्या, पीठ पेरलेला कोबी, मटकी, काकडी: १६२. भात-आमटी, फ्लॉवर-बटाटा, वर दोन पोळ्या, म्हणजे आमचा जुना डबा: २२८. हा आकडा बघून तो स्वतःच म्हणाला, बटाटा नको. मी इतके दिवस सांगत होते ते मशीनने एका थेंबात पटवलं. भाकरीचा दिवस अजून तपासायचाय, कारण कळण्याचं पीठ मिळत नाहीये. गिरणीवाल्याने उडीद दळायला साफ नकार दिला, म्हणतो जात्याला चिकटतात.

पथ्यपाणी

छान चाललंय. एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासा, म्हणजे काय लागू पडतं ते कळेल. १८० च्या आत राहिलं की सध्या पुरे. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावत जा, ओल लागली की आकडे चुकतात, पावसाळ्यात विशेष.

खानदेशी_कळणं

ताई, नुसते उडीद नेऊ नका, कोणीच दळत नाही. किलोभर ज्वारीत पावकिलो सालासकट उडीद, मूठभर मेथीदाणे, सगळं एकत्र मिसळून न्या आणि ज्वारीच्या घाणातच टाकायला सांगा. गव्हानंतर लगेच नंबर लावू नका, आधीचं पीठ मिसळतं. रवाळ दळायचं, फार बारीक नको. मीठ घरी, पीठ मळताना. आणि हो, ५० ग्रॅमची थापा, आमच्यासारखी ९० ची नको.